बाबा, शिट्टी आईकडे द्या

टस्कलूसा, अलाबामा
२९ नोव्हेंबर २०२०

ती. आई-बाबांना सा. न.

हे पत्र दादाला पाठवतेय, तो प्रिंट काढून आणून देईल. अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय, तरी आई, तूच वाचून दाखव. बाबांचा डोळा अजून लाल आहे, परवा व्हिडिओवर दिसलं मला. फोनवर सांगणार होते, पण तू "कधी येतेस गं?" विचारलंस की मी भलतंच काहीतरी बोलायला लागते. दिवाळीपासून तीनदा तसं झालं.

मी डिसेंबरमध्ये येत नाहीये. गुरुवारी तिकीट रद्द केलं.

आई, लगेच डोळे पुसू नकोस, आधी ऐक. अटलांटा, मग दुसरं विमान, मग मुंबई, मग रात्रभर गाडी. एवढ्या प्रवासात कोण कुठे शेजारी बसेल, सांगता येत नाही. बहात्तर तास आधीची कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह आली तरी ती त्या दिवसापुरती. आणि घरी येऊन वरच्या खोलीत चौदा दिवस बसायचं, तू जिन्यात ताट ठेवून खाली जायचं, तर मग मी कशाला आले? तू जिन्यात थांबणार नाहीस हेही मला माहीत आहे. शिवाय व्हिसाचा शिक्का. परत येताना मुंबईत तारीख मिळाली नाही तर लॅबमधलं दोन वर्षांचं काम अडकेल. पैसे बुडले नाहीत, पुढच्या तिकिटाला वापरता येतील. ही सगळी कारणं खरी आहेत. पण काकांच्या वेळी आपण काय काय बघितलं, त्यानंतर मला एकच भीती आहे, की मीच काहीतरी घेऊन येईन.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचंय.

इथल्या फुटबॉलचं मी तुम्हाला सांगत असते, ते हातात बॉल घेऊन पळायचं. तुम्ही एकदा बघून म्हणाला होतात की पकड चांगली करतात पोरं. इथल्या अलाबामा युनिव्हर्सिटीच्या टीमचे कोच निक सेबन. ऑक्टोबरच्या १४ तारखेला, बुधवारी, त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. शनिवारी जॉर्जियाशी सामना, म्हणजे वर्षातला मोठा सामना. मी लॅबमध्ये होते. आमच्या लॅबच्या बाई, ज्यांना मी भाकरी करून खायला घातली होती, फोन बघून खुर्चीत बसल्याच. या गावात सेबन म्हणजे काय, हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात, बसमध्ये, गॅसपंपावर तोच विषय. आधी सगळे हेच विचारत होते की शनिवारी मैदानाच्या कडेला कोण उभं राहणार? पोरं बावचळतील का? संध्याकाळपर्यंत बोलणं बदललं. कुणीतरी म्हणालं, अहो, ते या महिन्यात एकोणसत्तरचे होतील. मग सगळे गप्प. आमच्या बाईंनी त्यांच्या चर्चच्या बायकांना फोन करून प्रार्थनेत त्यांचं नाव घालायला सांगितलं. सामन्यासाठी नाही, त्यांच्यासाठी.

एकोणसत्तर ऐकलं आणि मला तुम्ही दिसलात. तुमचंही साल १९५१च.

पुढे असं झालं की गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारच्या टेस्ट निगेटिव्ह आल्या. नियमाप्रमाणे तीन निगेटिव्ह झाल्या म्हणून शनिवारी संध्याकाळी ते मैदानावर उभे राहिले. पहिली टेस्टच चुकली होती. अर्ध्या वेळेला टीम २०-२४ अशी मागे होती, तरी ४१-२४ ने जिंकली. एक लाख माणसं मावणाऱ्या स्टेडियममध्ये यंदा वीस टक्केच लोक सोडतात, पण आरडाओरडा माझ्या खोलीपर्यंत येत होता. मलाही खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण त्यानंतर मी काय बघितलं, सांगते. लोक म्हणायला लागले, बघा, टेस्ट चुकतात. तोंडावरचे मास्क हनुवटीवर आले. ऑक्टोबरात तुमची टेस्ट निगेटिव्ह आली तेव्हा तुम्हीही दादाला म्हणालात, "झालं ना आता समाधान?" आणि दुसऱ्या दिवशी पोरांना कबड्डी शिकवायला ग्राउंडवर गेलात. आईने मला सांगितलं नाही हो, तिच्यावर रागवू नका. तुमच्या मागच्या भिंतीवरून मला कळलं.

आणि या बुधवारी सेबन पुन्हा पॉझिटिव्ह आले. या वेळी बारीक लक्षणं होती, म्हणून डॉक्टरांनी सांगूनच टाकलं की ही चुकीची टेस्ट नाही. कालचा सामना ऑबर्नशी होता. ऑबर्न म्हणजे इथली सख्खी भाऊबंदकी, एकाच राज्यातल्या दोन टीम, घराघरात नवरा एकीकडचा आणि बायको दुसरीकडची. आमच्या बाईंचे यजमान ऑबर्नवाले. गुरुवारी त्यांच्याकडे सणाचं जेवण होतं, मला अंगणात लांब टेबल मांडून वाढलं. यजमान म्हणाले, मला तो माणूस धडधाकट हवाय, हरवायचं तर त्याला समोर उभं करून हरवायचं. मला एकदम तुमचे मिरजेचे ते जोडीदार आठवले, जे दर फायनलला तुमच्याशी भांडायचे आणि तुमच्या स्टेंटच्या वेळी सर्वांत आधी दवाखान्यात आले. त्या जेवणाहून आले आणि तिकीट रद्द केलं.

काल सेबन घरी टीव्हीसमोर बसले. एकदा सामना सुरू झाला की घरून फोनही करता येत नाही, असा नियम आहे. मैदानावर त्यांचे सहकारी सार्किसियन उभे राहिले. ४२-१३ ने जिंकले, बाबा! बॉल फेकणाऱ्या पोराने, जोन्सने, पाच वेळा गोल करून दिला. ओरडणारं कडेला कोणी नव्हतं तरी पोरांना सगळं पाठ होतं, कारण ते रोज शिकवलेलं होतं.

मी हे का सांगतेय ते तुम्हाला कळलं असणार. तुम्ही मनात म्हणताय, तिकडचं वेगळं. हो, वेगळं आहे. त्यांची रोज टेस्ट होते, तुमच्या पोरांची कोण करतंय? आणि कबड्डी, बाबा! दम घुमवत समोरच्याच्या तोंडावर जायचं, सात जणांनी हातात हात गुंफायचे, एकावर सगळ्यांनी पडायचं. तुम्ही मधल्या रेषेवर उभे, शिट्टी तोंडात, मास्क गळ्यात. साखर आहे, स्टेंट आहे. पोरांना काहीच होणार नाही, ती हसत घरी जातील आणि तुमच्यासाठी ठेवून जातील.

म्हणून मी एक काम केलंय, तुम्हाला न विचारता. तुमच्या डाव्या कोपऱ्याशी, म्हणजे टीममध्ये डाव्या कोपऱ्यात खेळणाऱ्या त्या पोराशी, बोलले. तो आता फौजेच्या भरतीची तयारी करतोय, समजूतदार झालाय. तो सोमवारपासून पोरांकडून फक्त पळणं, बैठका आणि पायांचं काम करून घेईल, पकडी नाहीत. मोबाइल खांबाला बांधून तुम्हाला दाखवेल. तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बघा आणि हवं तेवढं ओरडा. तुमच्या पाठीमागे ठरवलं याचं मला वाईट वाटतंय. तुमची जागा कोणाला दिली नाहीये बाबा, ती देता येतच नाही. तो पोरगा मला म्हणाला, ताई, सरांना सांगा आम्ही रेषेच्या बाहेर पाय टाकत नाही.

तुम्हाला १९९९ आठवतं? मला कांजिण्या आल्या होत्या आणि तुमच्या पोरांची जिल्ह्याची फायनल होती. तुम्हाला काही झालं नव्हतं, तरी तुम्ही गेला नाहीत, पोरांना लागेल म्हणून. शेजारच्या काकूंच्या फोनवर कोणीतरी स्कोअर सांगायचं, काकू खिडकीतून ओरडायच्या, आणि तुम्ही माझ्या कॉटभोवती फेऱ्या मारायचात. मी खाजवायला हात उचलला की म्हणायचात, "पकड!" आणि माझी दोन्ही मनगटं धरायचात. मला आजही कुठे खाज सुटली की ते आठवतं. जिंकलो की हरलो ते मात्र आठवत नाही. आई, तुला आठवतं का?

माझी काळजी करू नका. खोलीत हीटर छान चालतो, तुझी शाल अंगावरच असते. बर्मिंगहॅमच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलंय, वीस दिवस पुरेल. मेतकूट संपत आलंय, पण चालेल. रूममेट तिच्या घरी गेलीय, त्यामुळे घरात मी एकटी, म्हणजे उलट जास्त सुरक्षित. रात्री कडी दोनदा बघते. आई, माझ्यासाठी वेगळा काढलेला चिवडा आता खाऊन टाका, खवट होईल. चकल्या दादाकडे द्या.

आता ऐका. ऑक्सिमीटर टीव्हीवर शोभेला ठेवू नका, सकाळ-संध्याकाळ बोट घाला आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'वाल्या ताई एकदा येऊन गेल्या म्हणजे झालं असं नाही. चौऱ्याण्णवच्या खाली आला की दादाला फोन, रात्री दोन वाजले असले तरी. पेन्शनला बँकेत जायचं नाही, दादा करेल. देवळं उघडली म्हणून आई तू मंगळवारी गर्दीत जाऊ नकोस, गणपतीला लांबून हात जोडलेले चालतात. गुडघ्याचं तेल गरम करून लाव, थंड नको. बाबा, पुराच्या वेळी पाणी दारात आलं तरी तुम्ही "एवढ्यानं काय होतंय" म्हणत बसला होतात, शेवटी बोटीत घालून काढावं लागलं. या वेळी बोट नाहीये.

रागावून बोलले का? तसं नाही हो. मी इतकी लांब आहे की बोलण्याशिवाय हातात काही नाही.

काल पुण्यात पंतप्रधान सीरमला येऊन गेले, दादाने फोटो पाठवले. इथेही लस बनवणाऱ्या कंपन्यांचे आकडे चांगले आलेत. तुम्हा दोघांना लस मिळाली की मी लगेच तिकीट बघते, मग चौदा दिवस वगैरे काही नाही, थेट स्वयंपाकघरात येते.

रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करेन. बाबा, फोन छताकडे धरू नका, मला तुमचं तोंड दिसायला हवं. आणि शिट्टी आईकडे द्या. ती कुठे ठेवायची ते मी तिला वेगळं सांगितलंय.

तुमची,
चिमी