शिळे पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नळाला पाणी सुटले की आमच्या गल्लीत पहिले काम असते ते आधीच्या खेपेचे ड्रम आणि घागरी ओतून देण्याचे, कारण ते पाणी आता ‘शिळे’ झालेले असते. आठ दिवस जपून वापरलेले पाणी नवव्या दिवशी गटारात जाते, आणि तेही 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटल्यावर मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर तगलेल्या लातुरात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या उन्हाळ्यात भांडी विसळलेले पाणीसुद्धा आम्ही संडासासाठी राखून ठेवत होतो. पुढच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला आणि ती शिस्त ओसरली.

लोकांना पाण्याची किंमत नाही, हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही; टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या बाईला ती नसेल, तर मग कोणाला असणार? पुढचे पाणी नक्की कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे आपण गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो, आणि पाणी अवेळी सुटले की उरलेले कुठे वापरावे याचा विचार करायला उसंत राहत नाही. शिवाय साठवणीच्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास आठ-दहा दिवसांत होते, म्हणून आशाताई आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, ते अगदी योग्य आहे. मात्र ड्रम कोरडा करायचा म्हणजे पाणी गटारात सोडायचे, असा त्याचा अर्थ आपणच लावून घेतला आहे.

आमच्या घरी गेल्या वर्षापासून पाण्याच्या आदल्या दिवशी गोधड्या, चादरी आणि फरशी धुण्याचे काम ठेवले आहे. ड्रम आपोआप तळाला जातो, घासून पालथा घालता येतो. हे पाहून शेजारच्या दोन घरांनी न सांगता तसेच सुरू केले. इतकी वर्षे भिंतीवरच्या ‘पाणी वाचवा’ या अक्षरांनी ते झाले नव्हते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 96 जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचे आढळले. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्यात दिसले. ही गणती रोज करायच्या कामाची आहे. आठ दिवसांनी एकदाच येणारे काम 66 दिवसांत जेमतेम आठ वेळा हातून होते. मार्चमधल्या जलजागृती सप्ताहात तर आमच्या नळाला एकदाच पाणी येते! प्रतिज्ञा आणि फेरीऐवजी हा प्रयत्न निदान वर्षभर चालावा, आणि त्याआधी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा पुढचा वार व वेळ फलकावर लिहिली जावी, अशी माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे. वार आधी कळला, तरच आदला दिवस कोणता ते आम्हाला कळेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर