हृदयाभोवतीचं पाणी तालुक्यातच काढता यावं म्हणून आवाहन

हृदयाभोवतीच्या पिशवीत एरवीही १५ ते ५० मिली पाणी असतं. टीबीत ते सावकाश साठलं तर पिशवी ताणत जाते, लिटरभरही मावतं. झपाट्याने साठलं तर मात्र १५०-२०० मिलीतच हृदय दाबलं जातं. रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात, श्वास आत घेताना मनगटावरची नाडी बोटाखालून निसटते. अशा वेळी सूज बघून लघवी वाढवणारं इंजेक्शन दिलं तर हृदयात येणारं रक्त आणखी घटतं आणि रुग्ण कोसळतो. दाब उतरवायचा तर पाणीच काढावं लागतं.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या उपजिल्हा रुग्णालयात हे काम जाणणारे फिजिशियन आहेत, सोनोग्राफी मशीनही आहे. नाही तो मशीनला जोडून छातीवर टेकवायचा, हृदय दाखवणारा सेक्टर प्रोब. त्यामुळे रुग्णाला अंबाजोगाई, लातूर नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवावं लागतं आणि वाटेत दाब वाढतच राहतो.

प्रोब का, तर पाण्याचा थर कुठे जाड आणि त्वचेजवळ आहे ते बघूनच सुईची जागा ठरते. बऱ्याचदा ती छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी असते, रोख डाव्या खांद्याकडे. अंदाजाने घातली तर हृदयाचा उजवा कप्पा किंवा यकृत टोचलं जाऊ शकतं. पाणी आलं की सुईतून तार, तारेवरून पिगटेल, म्हणजे टोकाशी वळलेली नळी. पहिले ५० मिली निघतानाच रक्तदाब सावरू लागतो. तरी घाई करायची नाही: एका वेळी लिटरच्या आतच थांबायचं, एकदम रिकामं केलं तर हृदय थकतं. २४ तासांत २५-३० मिलीपेक्षा कमी येऊ लागलं की नळी काढतात. मार लागून आत रक्त साठलेला रुग्ण मात्र सर्जनकडेच जाईल.

हवं आहे ते असं: आमच्या मशीनला जुळणारा १ सेक्टर प्रोब आणि १० सीलबंद संच. प्रत्येक संचात १८ गेजची लांब सुई, ०.०३५ इंची वाकड्या टोकाची तार, डायलेटर (सुईची वाट रुंद करणारा), ६ ते ८ फ्रेंच जाडीची पिगटेल, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि पाणी साठवायची ड्रेन बॅग. शिवाय निर्जंतुक प्रोब कव्हर. सुटे भाग कृपया आणू नका. तार सुईतून जात नाही हे ऐनवेळी कळलं तर उशीर झालेला असतो. मुदत किमान दीड वर्ष उरलेली असावी. प्रोब घेण्याआधी मशीनचं मॉडेल आमच्याकडून लिहून घ्या. रोख रक्कम फक्त कार्यालयात, पावती घेऊनच द्या.

ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना वेगळी विनंती. टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला आडवं झाल्यावर दम लागत असेल, तर फडावरून त्याला त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि गोळ्यांचं कार्ड सोबत द्या.

— रुग्ण कल्याण समिती