बंड्याचा पंजा धरणाऱ्या ताईंना, आणि इतरांना

प्राण्यांच्या दवाखान्यात तुमची नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून हे जाहीर आभार.

आमच्या कुत्र्याला, बंड्याला, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. गळ्याखालच्या गाठी आम्ही आधी साध्या सुजेवर ढकलल्या, ते आमचंच चुकलं. मग केमो. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूची कातडी खराब होते, त्यामुळे पाय जराही हलता कामा नये. ताई, तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात, त्याचा पंजा धरलात आणि सुई निघेपर्यंत त्याच्या कानात काहीबाही पुटपुटत राहिलात. काय सांगितलंत कोण जाणे. आमचं तर तो एक शब्द ऐकत नाही!

रांगेत भेटलेले मांजरवाले काका, ‘शी-शू हातमोजे घालूनच उचला, औषध त्यातून बाहेर पडतं’ हे तुम्हीच सांगितलंत. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने तहान वाढते, घरात मुतला तरी ओरडू नका, हेही.

आणि लॅबमधले दादा, पांढऱ्या पेशी कमी दिसताच रिपोर्टची वाट न बघता फोन केलात. डोस आठवडाभर पुढे गेला.

अंगावरचे केस शाबूत आहेत, मिशा तेवढ्या गळल्यात. उद्या पुढचा डोस. ताई, ड्युटीवर असाल ना?