अलिबाग सहल : कुलाबा किल्ला आणि पोपटी

सोसायटीतल्या सर्व कुटुंबांना कळवण्यात येते की, येत्या रविवारी ठरल्याप्रमाणे अलिबागला एका दिवसाची सहल निघत आहे. सकाळी बरोबर सहा वाजता गेटवे ऑफ इंडियाला जमायचं आहे. पहिली बोट कोणासाठीही थांबणार नाही. मांडव्याला उतरल्यावर बोटीचं तिकीट टाकू नका, अलिबागच्या बसमध्ये तेच दाखवायचं आहे.

कुलाबा किल्ला १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला. ओहोटीला तिथे समुद्रातून चालत जाता येतं आणि मुलांना ही मजा एकदा तरी मिळायलाच हवी. ओहोटी साडेदहाच्या सुमारास आहे. पावणेबाराला सगळे किनाऱ्यावर परत हवेत, म्हणजे हवेतच. भरतीचं पाणी बघता बघता चढतं, त्यामुळे "आणखी एकच फोटो" चालणार नाही.

• मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. दगडांवर शेवाळ असतं.
• लहान मुलांचा हात सोडू नका.
• टोपी, पाण्याची बाटली आणि मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड घ्या.

दुपारी वाडीत पोपटी, म्हणजे जाळात मडकं ठेवून भाजलेलं जेवण! मडक्यात भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन. पाण्याचा थेंबही नाही. मडकं उघडल्यावर येणाऱ्या वासासाठी तरी चला. शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं लागेल, त्यामुळे कोण काय खाणार हे नावांसोबत गुरुवारपर्यंत सचिवांकडे लिहून द्या. शेंगा आदल्या दिवशी घ्यायच्या असल्याने नंतर नावं वाढवता येणार नाहीत.

— सहल समिती