तक्रार: जाहिरातीत १००० सीएफएम, ब्लोअरच्या पाटीवर मात्र १००० घनमीटर प्रति तास

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: सँडिंग टेबलसाठी विकलेल्या ब्लोअरची चुकीची क्षमता आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर ‘डाउनड्राफ्ट सँडिंग टेबलसाठी’ (लाकूड घासतानाची धूळ खाली ओढून घेणाऱ्या टेबलासाठी) ‘योग्य’ असे लिहिलेला सेंट्रिफ्यूगल ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, मी विकत घेतला. बिल, जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि मोटरवरच्या पाटीचा फोटो सोबत जोडला आहे. हे तिन्ही कृपया शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जाहिरातीत क्षमता १००० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १००० घनफूट. पाटीवर १००० घनमीटर प्रति तास. एक सीएफएम म्हणजे ताशी साधारण १.७ घनमीटर. पाटी खरी धरली, तरी माझ्या हाती आले सुमारे ५८८ सीएफएम. पैसे मात्र हजाराचे घेतलेत.

हा फरक कागदावरचा नाही. घरच्या गॅरेजमध्ये मी सागवान आणि शिसवाचे काम करते. घासकामाची धूळ उडायच्या आत खाली ओढली जावी म्हणून ३ फूट बाय २ फुटांचे टेबल केले. वरच्या फळीला एकमेकांच्या जवळ छिद्रे, खाली हवाबंद खोके, तळाला ब्लोअरच्या तोंडाकडे उतार. असे टेबल नीट चालायचे तर पृष्ठभागावर हवेचा वेग मिनिटाला निदान १०० फूट हवा, १५० असला तर उत्तम. ६ चौरस फुटांना म्हणजे ६०० ते ९०० सीएफएम. आपल्या हजाराच्या आकड्यावर विसंबूनच मी टेबलाचे माप ठरवले. ५८८ मध्ये किमान गरजही भागत नाही.

त्यातही हे ५८८ म्हणजे तोंड मोकळे असतानाचे. छिद्रांची फळी, पाइप आणि फिल्टर लागला की हवेला अडथळा होतो आणि प्रवाह घटतो. म्हणून किती अडथळ्याला (तो मिलिमीटर पाण्याच्या दाबात मोजतात) ब्लोअर किती हवा देतो, याचा आलेख मी ईमेलने मागितला. उत्तरात तेच जाहिरातीचे पत्रक पुन्हा आले. ‘सँडिंग टेबलसाठी योग्य’ असे छापणाऱ्या कंपनीकडे हा आलेख असायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्षात काय होते तेही सांगते. टिश्यू पेपरचा तुकडा ब्लोअरजवळच्या छिद्रांवर ठेवला तर चिकटतो. समोरच्या कोपऱ्यात ठेवला तर फुंकरीनेही सरकतो. खोक्याचे सगळे सांधे सिलिकॉनने बंद केले, दारावर फोमची पट्टी लावली, तरी फरक पडला नाही. २२० नंबरचा पॉलिशपेपर मारताना उडणारी पिठासारखी भुकटी तर सरळ तोंडाकडे येते.

आपल्या तंत्रज्ञाने फोनवर ‘फिल्टर काढून टाका, ओढ वाढेल’ असा सल्ला दिला. हा सल्ला मला सर्वांत गंभीर वाटतो. फिल्टर काढला की बारीक धूळ ब्लोअरमधून पुन्हा त्याच खोलीत येणार आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहणार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली आहे. सागवान-शिसवासारख्या कठीण लाकडाच्या धुळीचा संबंध नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाशी आहे. गॅरेजच्या वरच्याच खोलीत माझ्या दमेकरी सासूबाई असतात. ज्या धुळीसाठी हे यंत्र घेतले, तीच घरभर सोडा, असे कंपनीने ग्राहकाला सांगावे?

मोटर चांगली आहे, हेही नमूद करते. आवाज कमी, बांधणी भक्कम. लहान टेबलासाठी हा ब्लोअर कदाचित पुरलाही असता. खरा आकडा दिला असता तर मी टेबलच लहान केले असते किंवा मोठा ब्लोअर घेतला असता. ‘मोटर फिरते आहे, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही’ हे आपले उत्तर मला मान्य नाही. मोटर फिरत नाही अशी माझी तक्रारच नाही. सांगितलेली वस्तू मिळाली नाही, ही तक्रार आहे.

तरी ब्लोअर आपल्या खर्चाने परत न्यावा आणि संपूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. त्याच मॉडेलचा दुसरा नग मला नको. संकेतस्थळावरचे एकक लगेच दुरुस्त करावे, दाबानुसार प्रवाहाचा आलेख तेथे द्यावा आणि फिल्टर काढण्याचा सल्ला ग्राहकांना देणे थांबवावे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

ब्लोअर टेबलावरून उतरवून मूळ खोक्यात भरून ठेवला आहे. आपला माणूस कधी येणार ते आदल्या दिवशी कळवावे.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाटीचा फोटो, ईमेलच्या प्रती