विचार दहाव्या प्रयोगाचा

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

सांगलीत बाराजण मिळून कायमची नाट्यसंस्था काढताय आणि फक्त नवीच नाटकं करणार म्हणताय, उत्तम. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या गावाला नव्या नाटकाचं अप्रूप नाही. पण तुझ्या पत्रातला सगळा जोर शुभारंभावर आहे. शुभारंभ कुणीही करतो रे. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी कितीतरी चांगल्या संहिता एकदाच उभ्या राहतात. निकाल लागतो, सेट कुणाच्या तरी माळ्यावर जातो आणि नाटक तिथेच संपतं. स्पर्धेपुरता जमलेला संच आणि संस्था यांतला फरक मी एवढाच मानतो की संस्था दहावा प्रयोग करते. तेव्हा दहाव्या प्रयोगावरून मागे मागे येत सगळं ठरव.

पुण्याची थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था निघाली तीच यातून. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२चा, पीडीए म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेचा. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं आणि ज्यांना ते चालू ठेवायचं होतं त्यांनी १९७३मध्ये वेगळी संस्था काढली. त्यातलं नेपथ्यही आठव: ब्राह्मणांची रांग हाच पडदा आणि हीच भिंत. अशा सेटला टेम्पो लागत नाही, तो नटांबरोबर आपल्या पायांनी येतो.

तुमच्या नाटकाला सेट लागणारच असेल, तर छोट्या हत्तीचं, म्हणजे त्या लहान टेम्पोचं, माप धरूनच तो आखा. हौदा साधारण सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. आठ बाय चारचा फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेली लाकडी चौकट, त्यातून फूटभर बाहेर येतो, रस्त्यात हादरे खातो आणि कोपरा सैल होतो. फ्लॅट साडेसहा बाय तीनचे करा आणि दोन-दोन बिजागरीने जोडा, म्हणजे पुस्तकासारखे मिटतात. बिजागरीची खीळ काढता येणारी घ्या. चौकट दोन बाय एक इंचाच्या पट्टीची, वर मांजरपाट. इथे हमखास चूक होते ती अशी: कापड ताणून ठोकतात, वर खळ आणि रंग देतात, ओलं कापड वाळताना आखडतं आणि चौकटीला पीळ पडतो. चारही कोपऱ्यांत तिरकी पट्टी आधी ठोकायची, लाकूड वाळलेलं घ्यायचं, आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत फ्लॅट जमिनीवर आडवाच ठेवायचा. लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे उंच चौथरे, १९ मिलिमीटर प्लायचे करू नका. आठ बाय चारचा नुसता तक्ताच पस्तीस किलोच्या आसपास जातो, आणि तो उचलणारे तुम्हीच असणार आहात. १२ मिलिमीटर घेऊन खाली दर दीड फुटाला आडवी पट्टी द्या. चालताना पावलांचा आवाज होईल, वर सतरंजी टाका.

आता संहितेकडे येतो. नवं नाटक म्हणजे लेखक जिवंत आणि तालमीत हजर. यातलं सुख आणि डोकेदुखी दोन्ही तुला कळेलच. आठ आठवडे, आठवड्याला पाच संध्याकाळी, सात ते दहा, असं धर. पहिले दोन आठवडे नुसती बैठी वाचनं. घड्याळ लावून वाचा. बसून सत्तर मिनिटांत वाचून होणारा दीर्घांक, म्हणजे एकाच लांब अंकाचं नाटक, उभा राहिला की सहज नव्वदवर जातो, कारण हालचाली, शांतता आणि प्रेक्षकांचं हसू वाचनात धरलेलं नसतं. काटछाट बैठ्या वाचनातच करा. चौथ्या आठवड्याच्या अखेरीला संहिता पक्की झालीच पाहिजे. त्यानंतर बदललेलं एक वाक्य म्हणजे एक प्रकाशाचा क्यू (दिवा बदलायचा ठरलेला इशारा), एक संगीताचा क्यू आणि दोन नटांचं पाठांतर नव्याने. प्रत्येक बदललेल्या पानावर तारीख घाला आणि जुनं पान तिथल्या तिथे फाडा. एका संचात तीन वेगळ्या प्रती फिरत असल्या की चूक नटाची की कागदाची, हे कुणालाच कळत नाही.

तालमीत उत्स्फूर्तपणे सुचलेली वाक्यं कुणाची, हेही पहिल्याच दिवशी कागदावर उतरवा. संहिता लेखकाची, तालमीतली भर त्यात विलीन, श्रेयनामावलीत संचाचा उल्लेख, असं किंवा तुम्हाला पटेल तसं. दर प्रयोगाचं लेखकाचं मानधन, संस्थेकडे किती वर्षं हक्क, भाषांतराची परवानगी कोण देणार, हे त्याच पानावर. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारा एक जण निघतोच. त्याची सही सगळ्यांत आधी घे.

पक्की संहिता लगेच रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवा. हॉलचं बुकिंग करताना प्रमाणपत्र मागतात, आणि आठव्या आठवड्यात धावपळ करून ते हाती येईलच असं नाही.

बाराजणांत सातांचं नाटक घ्या, बारांचं नको. उरलेले पाच प्रकाश, ध्वनी, कपडेपट, तिकीट आणि रंगमंच व्यवस्था बघतील, शिवाय प्रत्येकाची एकेक भूमिका पाठ असेल. बदली, परीक्षा, घरचं लग्न, आजारपण यांतलं काहीतरी तिसऱ्या-चौथ्या प्रयोगाला येतंच. बदली नट दोन-तीन तालमींत उभा राहतो, मात्र हालचालींची वही असेल तरच. वही म्हणजे संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान. त्यावर कोण कुठून आला, कुठे थांबला, हातात काय, क्यू कोणत्या शब्दावर. दिग्दर्शकाच्या डोक्यातली वही चालत नाही, कारण नेमका तोच त्या दिवशी मुंबईला असतो.

दिव्यांचं सविस्तर लिहितो, कारण लहान गावांत प्रयोग बंद पडतो तो इथे. शाळेच्या हॉलमधल्या १५ अँपिअरच्या एका पॉइंटवर १००० वॅटचे तीनच पार (रंगमंचाचे डब्यासारखे दिवे) लागतात; तीन मिळून १३ अँपिअर खातात, चौथा लावलात की फ्यूज गेला. समोरासमोरचे दोन पॉइंट एकाच सर्किटवर असू शकतात, म्हणून पाटीवर विश्वास न ठेवता मेन बोर्डापाशी एकेक बंद करून बघा. एक्स्टेन्शनची वायर पूर्ण उलगडायची. गुंडाळी तशीच ठेवून भार टाकला तर ती आतून तापते आणि वितळते. दिव्यापुढे लावायचं गडद निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, सगळ्यांत आधी जळतं, कारण ते बहुतेक उजेड अडवतं आणि ती उष्णता त्यातच राहते. त्याचे जादा तुकडे बरोबर ठेवा. एलईडी पार वीज कमी खातात खरे, पण स्वस्तातले फेडच्या, म्हणजे उजेड हळूहळू कमी करण्याच्या, शेवटी हळूहळू न विझता टपकन विझतात. तुमच्या नाटकाचा शेवट संथ अंधारावर असेल, तर निदान तेवढ्यापुरते दोन हॅलोजन ठेवा.

ध्वनीला दोनच नियम. मोबाइल फ्लाइट मोडवर. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर, कारण चार्जर लावला की स्पीकरमधून घूं सुरू होण्याची शक्यता फार.

पैशांचं थोडक्यात. शंभर खुर्च्या, २०० रुपये तिकीट, तर हाऊसफुल्लला वीस हजार. हिशेब मात्र साठ खुर्च्यांचा मांड, म्हणजे बारा हजार. भाडं, टेम्पो, दिवे, मानधन आणि चहा-वडा त्यात बसत नसेल, तर सेट कमी कर, लेखकाचं मानधन कमी करू नकोस. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, ती काळजी सोड. संस्था १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवायला सात सभासद लागतात, ते तुमच्याकडे आहेतच.

पुढच्या पत्रात हॉलची मापं पाठव: रंगमंचाची रुंदी आणि खोली, छताची उंची, मेन स्विच किती अँपिअरचा, आणि टेम्पो मागच्या दारापर्यंत येतो का. त्यावरून दिव्यांचा आराखडा काढून देतो.

तुझा,
श्रीधर