कोळंबीचा काळा दोरा म्हणजे नस नव्हे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कोळंबी साफ करताना पाठीतला काळा दोरा काढतात आणि हल्ली रेसिपीच्या व्हिडिओतही बिनधास्त सांगतात की ही तिची नस. अहो ते आतडं आहे, आत राहिलेल्या खाण्यामुळे, मातीमुळे काळं दिसतं. खरा मज्जारज्जू, म्हणजे संदेश नेणाऱ्या चेतातंतूंची दोरी, उलट्या बाजूला, पोटाकडून जातो, पांढरट, बारीक, तो कोणी काढत नाही आणि काढायची गरजही नाही.

हे सांगावंसं वाटतं कारण ही रचना खरंच भारी आहे. मेंदू डोक्यात, डोळ्यांच्या मागे, एवढुसा. तिथून दोन दोऱ्या अन्ननलिकेच्या दोन्ही अंगांनी खाली उतरतात, म्हणजे कोळंबी जे गिळते ते या कड्यातूनच जातं. छातीत बरेच चेतागुच्छ, म्हणजे चेतापेशींचे गठ्ठे, एकत्र होऊन एक मोठा पुंजका झालेला असतो, आणि पुढे शेपटीच्या सहा खंडांत एकेक गुच्छ, शेवटचा शेपटीच्या पंख्यासाठी. याच दोरीत काही तंतू खूप जाड असतात, धोका जाणवला की त्यांतून संदेश सुटतो आणि कोळंबी शेपूट आपटून मागे उडते. काही जातींत या संदेशाचा वेग सेकंदाला २०० मीटरपर्यंत मोजलाय, आपले सगळ्यात फास्ट तंतू साधारण १२० पर्यंतच जातात!

आता मुद्द्याचं. मुंडकं काढलं की मेंदू गेला, पण शेपटीतले गुच्छ शाबूत राहतात, म्हणून खाडीची ताजी कोळंबी मुंडकं काढल्यावरही वळवळते. ब्रिटनने २०२२ च्या प्राणीकल्याण कायद्यात कोळंबी-खेकड्यांनाही संवेदना असलेले प्राणी मानलंय. मी कोळंबी खातो, पुढेही खाणार, पण जिवंत मिळाली तर आधी भरपूर बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि पूर्ण निपचित झाल्यावरच सोलायला घ्यावी, एवढं तरी आपण करू शकतो, आणि बाजारात बर्फ तर हाताशीच असतो.

पूर्वी झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला मुलं हे सगळं डिसेक्शन करून बघायची, आता ते बंद झालं ते चांगलंच झालं, पण मग ही माहिती पोरांना मिळणार कुठून? वर्सोव्यात १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथल्या कोणाकडून तरी रविवारच्या पुरवणीत यावर लेख घ्या ना. आणि पाठीकडचं आतडं, पोटाकडचा मज्जारज्जू दोन्ही दाखवणारं चित्र त्यात नक्की छापा.

आपला,
एक वाचक, अंधेरी, मुंबई